कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅटमध्ये मांजर आणायचंय: पर्शियन की देशी?

नवीन_मांजरवाला: दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, एक बाल्कनी. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा घरात कुणी नसतं. एकाकडे पर्शियन पिल्लू आहे. 'डॉल फेस, दीड महिन्याचं, दूधपोळी खातंय' म्हणतोय. मंगळवार पेठेत देशी मांजरीची चार पिल्लं आहेत, अडीच महिन्यांची. कुठलं घ्यावं? बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? खाणं आणि शी-शूची सोय कशी करायची?

पेठेतला_बोका: दीड महिन्याचं पिल्लू कुठल्याही जातीचं असो, उचलू नका. निदान आठ आठवडे, जमलं तर बारा आठवडे आईजवळ राहू दे. चावताना जोर किती लावायचा ते पिल्लू भावंडांशी मारामारी करून शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे तुमचेच हात फोडतं.

पर्शियनला रोज विंचरावं लागतं. चार दिवस चुकले की काखेत, मांड्यांत जटा होतात आणि मग कात्रीशिवाय इलाज नाही. चपट्या नाकामुळे डोळे गळतात, ते रोज पुसा. साडेआठ तास घर बंद असेल तर माझं मत सरळ आहे: पेठेतली देशी घ्या, आणि एक नको, दोन भावंडं घ्या. एकटं पिल्लू कंटाळून पडदे फाडतं.

बघायला जाताना पांढरा टिश्यू पेपर न्या. शेपटीच्या मुळाशी केस फिस्कटून बघा. काळे कण दिसले तर ओल्या टिश्यूवर झटका. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसतीच धूळ असेल तर डाग पडत नाही. कानात कॉफीच्या भुकटीसारखा मळ म्हणजे बहुधा कानातले किडे. अंग रोडकं आणि पोट नगाऱ्यासारखं म्हणजे जंत. ही तिन्ही दुखणी औषधाने जातात, त्यासाठी पिल्लू नाकारू नका. पण डोळ्यांत चिपड, नाक वाहतंय, शिंका येतायत असं असेल तर थांबा. कानाच्या कडेला किंवा डोक्यावर गोल टक्कल दिसलं तर ते गजकर्ण असू शकतं. ते माणसांनाही होतं, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा.

कसबा_बावडा_५: खाण्याचं मी सांगतो. दूध बंद. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं असलं तरी बंद. आईचं सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि किलोभराच्या पिल्लातलं पाणी बघता बघता कमी होतं.

नुसतं उकडलेलं चिकनही रोजचं जेवण नव्हे. त्यात पुरेसं कॅल्शियम नाही, आणि टॉरिन (मांजराला मांसातून मिळणारं गरजेचं पोषकद्रव्य) उकळताना पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडत राहिलं की नजर आणि हृदय दोन्ही जातात. कुत्र्याचं खाणं घालू नका म्हणतात ते याचसाठी. पाकिटावर 'किटन' लिहिलेलं खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं द्या. मोठं झाल्यावर चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. वाडगा भरून ठेवून जाल तर वर्षात पोट लोंबेल.

आणि आपला खास धोका: तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला तुकडा. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. तुकडा धुऊन दिला तरी उपयोग नाही, रस आत मुरलेला असतो.

नवीन_मांजरवाला: दोन भावंडं पक्की! शी-शूचा ट्रे बाथरूममध्ये ठेवला तर चालेल का? आई म्हणते रोज फिनेलने पुसून घेईन.

लिटर_ट्रे: आईंना फिनेल थांबवायला सांगा. पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारी बहुतेक जंतुनाशकं मांजरांना बाधतात. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, आणि त्याचं यकृत त्यातलं फिनॉल नीट बाहेर टाकू शकत नाही. भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी पुरे.

दोन मांजरांना तीन ट्रे हवेत. वन बीएचकेत निदान दोन ठेवाच, तेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. बाथरूममध्ये ठेवलात तर दार कायम उघडं राहिलं पाहिजे. तीन महिन्यांपर्यंत ट्रेमध्ये ओल लागली की गोळे होणारी माती नको, पिल्लं ती चाखतात आणि ती पोटात फुगते. तोवर लाकडी पेलेट, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या कांड्या. पुढे माती पाच सेंटिमीटर थर करून घाला, दिवसातून दोनदा गोळे काढा. गोळे कमोडमध्ये टाकाल तर प्लंबरला बोलवावं लागेल. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं तर माती ओल धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात ओता.

बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी भरवशाची नाही, मांजर ती कुरतडतं. स्टीलची जाळी लावा.

पेठेतला_बोका: लसीचं राहिलं. तीन रोगांची एकत्र लस आठव्या आठवड्यानंतर, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. रेबीज बाराव्या आठवड्यानंतर. नसबंदी पाचव्या महिन्यात उरकाच. भाटी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि सख्खा भाऊ आहे म्हणून बोका थांबत नाही.

तापाची पॅरासिटामॉल गोळी आणि कुत्र्याच्या गोचिडांचे परमेथ्रिनचे थेंब, दोन्हींनी मांजर मरतं. बोका ट्रेमध्ये परत परत बसतोय, कण्हतोय आणि माती कोरडीच आहे असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवी अडकलेली असू शकते. सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठा.