रॉयल क्रिसेंट: पुढून राजवाडा, मागून भलतंच?

प्रश्न: इंग्लंडमधल्या बाथ शहरात रॉयल क्रिसेंट पाहिलं. मधाच्या रंगाचा दगड, चंद्रकोरीसारखा एकच लांबलचक राजवाडा. मागे गेले तर कुठे भिंत पुढे आलेली, कुठे खिडक्या वर-खाली! गवंडी बदलले की काय?

उत्तर: गवंडी नाही हो, मालक वेगवेगळे! वास्तुकार धाकट्या जॉन वुडने (१७६७-७४) दर्शनी भाग आखून दिला. ३० घरं, ११४ आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले, ग्रीक शैलीचे) खांब. आपल्या वाट्याच्या दर्शनी भिंतीमागे ज्याने त्याने हवं तसं घर बांधलं.

दुसरं उत्तर: समोरच्या हिरवळीतला ‘हा-हा’ दिसला का? खोलगट चर आणि भिंत. गुरं अडतात, पण घरातून कुंपण दिसत नाही.

प्रश्नकर्ती: नाही ना दिसला! पाय घसरल्यावरच कळलं.