भूजलाच्या धोक्याचे नकाशे: लाल पट्ट्यात परवानगीच नको?

खडकवेडा: वस्तीजवळ कुठलं भूजल लवकर नासेल याचा नकाशा करा आणि लाल पट्ट्यात शोषखड्डे, कचरा डेपो, पेट्रोल पंप यांना परवानगीच देऊ नका. पद्धत तयार आहे. अमेरिकेत १९८७ साली 'ड्रास्टिक' आली. पाण्याची खोली, पुनर्भरण (जमिनीत मुरणारं पाणी), जलधर (पाणी धरणारा खडक), माती, उतार, मधला कोरडा थर, खडकातून पाणी वाहण्याचा वेग, अशा सात गोष्टींना १ ते १० गुण आणि प्रत्येकाचं ठरलेलं वजन. खोलीला ५, उताराला फक्त १. बेरीज जास्त तिथे धोका जास्त.

आकडेमोड: वजनं तज्ज्ञांनी एकमताने ठरवली, विहिरी तपासून नाही. शिवाय हा नकाशा फक्त जमीन बघतो, वर काय सांडतंय ते नाही. वस्तीत तर जमीनही तीच उरत नाही. शोषखड्डा तीन मीटर खणला की गाळणारी माती आपणच उचलून बाजूला टाकली. नकाशात मात्र तिचे गुण शाबूत! आणि पुनर्भरण पावसावरून काढलेलं. फुटक्या नळांतून, गटारांतून रोज मुरतं ते कुठे धरलंय?

खडकवेडा: म्हणून तर विहिरीतल्या नायट्रेटशी (खत-सांडपाण्यातून उतरणारा क्षार) ताडून वजनं बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. लाल भागातल्या विहिरी त्यापुढे जात असतील तर नकाशा खरा.

आकडेमोड: नायट्रेटपुरता खरा. नायट्रेट वर्षानुवर्षं टिकतं, बरेचसे जंतू काही आठवड्यांत मरतात. दोघांना एकच नकाशा कसा चालेल? त्यापेक्षा जर्मनी, ब्रिटनसारखं विहिरीभोवती मोजा: जिथून पाणी ५० दिवसांत विहिरीला पोचतं तेवढा घेर जपायचा.

गाळवाला: नकाशाच्या एका चौकोनात विहीर, गोठा आणि नाला तिन्ही मावतात. भांडा आता.

पाणाडी: वॉकरटन गाव आठवा. कॅनडा, मे २०००. उथळ विहीर, भेगाळलेला खडक, शेजारच्या शेतात शेणखत, वर धो धो पाऊस. ई-कोलाय जंतू नळात आले. ७ माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. विहीर १९७८ची, आणि ती दूषित होऊ शकते हे तेव्हाच माहीत होतं! क्लोरीन पुरेसं पडतंय का हे सतत पाहणारं साधं यंत्रही बसवलं नव्हतं. आकडेमोड, तुमच्या ५० दिवसांचंही भेगाळ खडकात काही खरं नाही. तिथे पाणी चाळणीतून पडल्यासारखं पळतं.

आकडेमोड: भेगांचं मान्य. तिथे घेर खूप मोठा निघतो, आखणंही अवघड.

खडकवेडा: बरं, 'परवानगीच नको' हे मागे घेतो. लाल पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी आधी आणि वारंवार तपासायचं, विशेषतः पहिल्या मोठ्या पावसानंतर. एवढ्यापुरता तरी नकाशा हवाच.

आकडेमोड: आणि हिरव्या पट्ट्यातले शोषखड्डे कोण मोजणार?