परिविक्षेवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका) असताना भरपाईचे हप्ते पाडून मिळतात का?

मारामारीच्या केसमध्ये धाकट्या भावाला कोर्टाने परिविक्षा कायदा, १९५८ खाली वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलंय. सोबत कलम ५ नुसार फिर्यादीला ४०,००० रुपये भरपाई. १५,००० भरलेत, पावती आहे. मग कंत्राटदाराने ब्रेक दिला. आता नाक्यावर मिळेल ते काम. परिविक्षा अधिकाऱ्यांकडची हजेरी एकदाही चुकलेली नाही. ते म्हणतात, मुदत वाढवणं कोर्टाच्या हातात. वकिलांना आधी फी हवी. फिर्यादी ऐकणारा नाही आणि सावकाराचं दार नको, तेव्हा ते सल्ले कृपया राहू द्या. ही रक्कम दंडासारखी वसूल होते, म्हणून धास्ती. हप्त्यांचा अर्ज त्याच कोर्टात करायचा ना? सोबत काय जोडायचं? आणि निकालानंतरही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाल्याचा कुणाला अनुभव आहे का?