‘तपासण्या बंद करा’ म्हणणाऱ्या पोस्टीला उत्तर

झाडीपट्टी: काल इथं लिहिलं गेलं, “तीन आठवडे ताप, सांधे ठणकतात, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आता तपासण्या बंद, हा कमिशनचा धंदा आहे.” वाचून संताप झाला. ‘सगळे’ म्हणजे कोणते? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, लघवी, टायफॉइडची विडाल! एवढ्यावर तीन आठवड्यांचा ताप उलगडत नाही. टीबीसाठी थुंकी तपासली? सिकल सेल, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, पाहिला? सिकलची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण ते त्यातून कळत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी लागते. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन रिपोर्टात मिसळतं.

पराटी: सांगणं सोपं आहे भाऊ. भामरागडहून गडचिरोली गाठायची तर अख्खा दिवस जातो. दोघांची मजुरी बुडते, रिपोर्टासाठी पुन्हा फेरी. निंदणाच्या दिवसांत हे कोणाले परवडते? अन् नवा डॉक्टर जुना रिपोर्ट बाजूला सारून तीच तपासणी पुन्हा लिहितो. हा धंदा नाही तर काय?

लॅबवाला वणी: दरवेळी धंदा नसतो. साध्या नळीतलं रक्त वेगळं न करता ठेवलं तर पेशी साखर खातात, तासाला 5 ते 7 टक्के. मे महिन्यात त्याहून जास्त. नळी जोरात हलवली की पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढतं. असा रिपोर्ट पुन्हा करावाच लागतो. बंद करायचीच असेल तर एकट्या विडालवरची औषधं बंद करा.

पराटी: विडालले काऊन नावं ठेवता? गावात तीच मिळते. टायफॉइड निघतो, सलाइन लागते, लोक बरे होतात.

लॅबवाला वणी: कित्येक ताप आपोआपच उतरतात हो! जुन्या संसर्गाच्या प्रतिपिंडांनीही विडाल पॉझिटिव्ह येते. टायफॉइडचा संशय असेल तर पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं. मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त. तुम्ही आधी इंजेक्शन टोचता, मग कल्चरमध्ये जंतू कुठून उगवणार?

झाडीपट्टी: आणि स्क्रब टायफस? पावसाळ्यात धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतातून चिगर, म्हणजे बारीक माइटची अळी, चावते, त्यातून हा ताप येतो. काख, जांघ, कमरेचा पट्टा, बायांच्या स्तनांखाली काळी खपली दिसते, सिगारेटच्या चटक्यासारखी, न दुखणारी. कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय सापडत नाही. टायफॉइडवरच्या सेफ्ट्रियाक्सोनचा इथं भरवसा नाही, डॉक्सिसायक्लिन लागते. विडालच्या नादात उशीर झाला की फुप्फुसं, किडनी धोक्यात.

पराटी: बरं, विडालचं मान्य. फेऱ्यांचं उत्तर कोणीच दिलं नाही. आवाज चढवून बसचं भाडं भरलं जात नाही.

झाडीपट्टी: ते खरं आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, “हा रिपोर्ट आला तर औषध बदलणार का?” नसेल बदलणार तर ती तपासणी थांबू शकते. ताप दिवसातून चारदा मोजून वेळेसह लिहा, वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर. तारखेप्रमाणे फाइल, रिकामी औषधपाकिटंही त्यातच. एक्स-रेची फिल्म जवळ ठेवा, नुसता कागद नको.

लॅबवाला वणी: एचपीएलसीसाठी माणसाला न्यायची गरज नाही. जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त 2 ते 8 अंशांत आठवडाभर टिकतं. नळी खुणेपर्यंत भरा, आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा.

पराटी: हे पहिलेच सांगाचं होतं. पण पीएचसीतला (प्राथमिक आरोग्य केंद्रातला) फ्रिज लसींचा असते, त्यात रक्त ठेवू देत नाहीत.

लॅबवाला वणी: ठेवूच नये. लॅबचा वेगळा फ्रिज मागा, नाहीतर थंड बॉक्स. बर्फ आणि नळी यांच्यात कापडाची घडी ठेवा, रक्ताचा बर्फ झाला तर पेशी फुटतात.