मदत हवी आहे: यंत्रमागाचं वीजबिल, दिवसपाळी आणि छतावरचं सोलर

नमस्कार मंडळी. सोलापूरला पूर्व भागात आमचे आठ माग आहेत, टॉवेलचे. खाली कारखाना, वर घर, मीटर दोन.

वापरलेलं युनिट समजतं हो, पण त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि शेवटी विद्युत शुल्क. टॉवेलचा भाव मात्र व्यापारी ठरवतो, वीज महागली म्हणून तो डझनामागे दहा रुपयेही वाढवून देत नाही. यंत्रमागाच्या वीज सवलतीत 27 एचपी (अश्वशक्ती) जोडभाराच्या, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या एकूण वीजक्षमतेच्या, आतले आणि वरचे असे गट आहेत. आम्ही आत आहोत. आणखी दोन माग टाकले तर जोडभार वाढवून घ्यावा लागेल का, हे नक्की कसं मोजतात?

दुसरं, केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार सौर तासांत, म्हणजे दिवसा ऊन असताना, वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असं व्यापारी-औद्योगिक ग्राहकांसाठी आलंय. आमची रात्रपाळी जुनी. कामगार दिवसा यायला तयार आहेत, पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी उभं राहून दाखवा! कुणी पाळी बदलली असेल तर बिलात खरंच किती फरक पडला?

घरावर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटचं सोलर बसवायचा विचार आहे, 78,000 रुपये अनुदान आहे. ते फक्त घरगुती जोडणीला, मागाच्या मीटरला नाही, एवढं कळलंय. छत मात्र एकच. अर्धं घराला, अर्धं कारखान्याला असं कुणी केलंय का? जमल्यास बिलाचा फोटो टाका, ग्राहक क्रमांक झाकून.