मदत हवी आहे: महालातील जुन्या घराच्या भिंतीवरील सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा का?

नमस्कार. नागपुरात महाल भागात आमचे सुमारे ८० वर्षांचे घर आहे. विटा आणि चुन्यात बांधलेल्या दीड फुटी भिंती, सागवानी तुळया आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौले, असे त्याचे स्वरूप आहे. आई ७२ वर्षांची असून तिला याच घरात राहायचे आहे आणि मलाही ते पाडायचे नाही. येत्या वर्षात त्याची दुरुस्ती आणि आतील रचना अशी करायची आहे की उन्हाळा एसीवाचून निघावा आणि नवे सिमेंट, प्लायवूड व पीओपी शक्य तितके कमी लागावे.

मुख्य अडचण मागच्या खोलीच्या भिंतीची आहे. सहा वर्षांपूर्वी तिचे पोपडे निघू लागले, तेव्हा एका ठेकेदाराने जुना चुन्याचा गिलावा खरवडून एकास चार प्रमाणाचा सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर धुता येणारा रंग दिला. दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. तिसऱ्या वर्षी जमिनीपासून हातभर उंचीवर लोणा फुटला आणि आज तो खिडकीच्या तळापर्यंत, म्हणजे जवळपास ३ फूट चढला आहे. बोट फिरवले की पिठासारखी पांढरी पूड हाताला येते आणि जिभेला खारट लागते. रुपयाच्या नाण्याने भिंत वाजवून पाहिली, तर जिथे डाग दिसत नाही तिथेही गिलावा पोकळ वाजतो.

मी समजून घेतले आहे ते असे. आमच्यासारख्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतील ओल विटांमधून वर चढत राहते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ती त्यातून हवेत उडून जात असे. सिमेंट आणि वरच्या रंगाने ही वाट बंद झाली की ओल आणखी उंच चढते, क्षार गिलाव्यामागे साचतात आणि त्यांचे स्फटिक वाढून गिलावाच भिंतीपासून सुटतो. म्हणून वॉटरप्रूफ रसायनाचा आणखी एक हात द्यावा, हा त्याच ठेकेदाराचा सल्ला मला पटत नाही.

ओल नेमकी कुठून येते हे आधी तपासले. मागच्या गल्लीतील नालीचे पाणी आमच्या जोत्याशी तुंबत होते, तो उतार दुरुस्त करून घेतला. कूलरही याच भिंतीच्या खिडकीला टेकवलेला असे आणि त्याच्या टाकीतून उन्हाळाभर पाणी झिरपत राही. तो आता लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला आहे.

आता सिमेंट पूर्ण काढून चुना, वाळू आणि सुरखीचा (भाजलेल्या विटांच्या भुकटीचा) गिलावा करावा असा विचार आहे. सुरखीमुळे चुना ओलसर जागीही धरतो, म्हणून निदान खालच्या ३ फुटांत ती घालावी असे वाटते. ज्यांनी अलीकडे स्वतःच्या घरात हे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया सांगावे की चुना किती दिवस भिजवत ठेवला, तिन्हींचे प्रमाण काय होते, आणि गूळ, बेलफळाचा गर व हिरड्याचे पाणी घालण्याच्या जुन्या पद्धतीचा प्रत्यक्षात किती उपयोग झाला. विटांत मुरलेले क्षार ओढून घेण्यासाठी आधी कागदाच्या लगद्याचा ओला लेप द्यावा लागतो असे वाचले आहे. तो किती वेळा द्यावा? नागपूर किंवा वर्धा परिसरात चुन्याचे काम जाणणारे गवंडी अजून आहेत का, हेही कळवावे. आम्ही ज्या तिघांना विचारले त्यांनी सिमेंटच सुचवले.

दुसरा प्रश्न छताचा. कवेलू उतरवून स्लॅब टाका, खाली पीओपीचे फॉल्स सीलिंग करा आणि एसी बसवा, असा बहुतेकांचा आग्रह आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्याने मे अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि ऊन सर्वांत जास्त छतच झेलते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. शेजारच्या घरात हे आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. मला कवेलू ठेवून त्यांखाली बांबूच्या तट्ट्यांचे सीलिंग करायचे आहे आणि मधली गरम हवा निघून जावी म्हणून आढ्याशी झरोके ठेवायचे आहेत. सेवाग्रामची बापूकुटी अनेकदा पाहिली आहे. माती, बांबू आणि कवेलूच्या त्या घरात ऐन उन्हाळ्यात जो गारवा जाणवतो, त्यानेच मला हा धीर दिला. तट्ट्यांना भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवतात, हे ठाऊक आहे. विणलेला तट्टा बुडवावा की विणण्याआधीच्या कांबी, आणि त्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा लोखंडी पाइपातून नेल्या तर आगीच्या दृष्टीने पुरेसे आहे का, याबद्दल अनुभवी व्यक्तींचे मत हवे आहे.

बाकीचे बहुतेक ठरले आहे. न्हाणीघराची एकच नवी भिंत बांधायची असून ती कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रातील राखेपासून बनलेल्या फ्लाय ॲशच्या विटांची असेल. दोन तुळयांची टोके वाळवीने खाल्ली आहेत. तेवढा भाग कापून उरलेल्या सागवानाच्या फळ्या आणि आईच्या देवघराचे कपाट करणार आहोत.

शेवटचा प्रश्न क्रमाचा आहे आणि त्याचे उत्तर लवकर हवे आहे. कवेलू फेरण्याचे काम मृगापूर्वी संपवावेच लागेल. चुन्याला मात्र सावकाश वाळणे लागते. मे महिन्याच्या उन्हात तो तडकेल आणि पावसाळ्यात वाळणार नाही, म्हणून गिलावा दिवाळीनंतर करावा असे वाटते. मग सिमेंट आताच काढून विटा पावसाळाभर उघड्या ठेवाव्यात, म्हणजे मधल्या काळात भिंतीला श्वास घेता येईल, की गिलाव्याच्या महिनाभर आधी काढावे? खोली आईच्या झोपण्याची आहे. भिंत उघडी ठेवायची असेल तर तिची खाट समोरच्या खोलीत हलवावी लागेल आणि त्यासाठी तिला आतापासून तयार करावे लागेल.