पार्क अँड सेलवर गाडी दिली, चलन मात्र बाबांना आलं

प्रश्न : कोथरूडची_लेक

बाबांची २०१४ ची वॅगनआर, एमएच-१२. गुडघ्यांमुळे ते आता चालवत नाहीत, म्हणून जुलैत धायरीतल्या एका डीलरकडे विकायला ठेवली. गिऱ्हाईक त्याने आणायचं, गाडी गेली की कमिशन कापून पैसे आम्हाला द्यायचे. त्याने टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्म २९ आणि ३० वर बाबांच्या सह्या घेतल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं. काल बाबांच्या मोबाईलवर खालापूरजवळ एक्स्प्रेसवेवर वेग जास्त असल्याचं चलन आलं. डीलर म्हणतो ट्रायलला दिली होती. बाबा रात्रभर जागे होते. उद्या कुणाला उडवलं तर पोलीस कुणाच्या दारात येणार?

आरटीओवाले_काका

ताई, आजची स्थिती तशीच असेल तर बाबांच्याच दारात येतील. चलनाचं नंतर बघा, आधी सह्यांचे कागद परत घ्या.

जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आहेत. त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं, त्याची मुदत पाच वर्षं. गाडी ताब्यात दिल्याची खबर फॉर्म २९सी भरून पोर्टलवर द्यायची. ती गेली की कायद्याने डीलरच मालक धरला जातो, जबाबदारी त्याची. मग गाडी यार्डाबाहेर न्यायची ती ट्रायल, तपासणी, दुरुस्ती-रंगकाम अशा कामांपुरतीच, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची: चालक कोण, काम काय, वेळ किती, किलोमीटर किती. ही नोंदवही मागा.

हडपसर_७८

काकांशी सहमत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, भरपाईसाठी तोच मालक, मध्ये गाडी कितीही हात फिरलेली असो. माझ्या मेव्हण्याने विकलेल्या बाईकपायी चार वर्षं कोर्टाच्या तारखा केल्या. थांबू नका.

कोथरूडची_लेक

काका, आज भावाला घेऊन गेले. अधिकारपत्र नाही, २९सी भरलेला नाही, नोंदवही तर त्याने ऐकलेलीच नव्हती. कागद मागितल्यावर आधी उडवाउडवी केली, भाऊ खुर्चीवर बसूनच राहिला तेव्हा दिले. घरी येऊन बाबांसमोर फाडले. गाडी सोसायटीत आणली आहे. देताना मीटरचा फोटो काढला होता, ६१,२४० किलोमीटर. आज ६२,०९५ आहेत.